नाशिकच्या नाकापासून बर्लिनच्या डोळ्यापर्यंत

लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते पंचवटीत, आणि ‘नासिक’ हे नाव त्यावरूनच पडले, असे आम्ही नाशिककर लहानपणापासून ऐकत आलो. कापलेले नाक पुन्हा घडवल्याची गाजलेली नोंद मात्र पुण्याची. तिचा धागा थेट डोळ्याच्या स्नायूंपर्यंत जातो.

१७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्यातील कावसजी हा बैल हाकणारा मराठा टिपूच्या कैदेत पडला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याचे नाक नव्याने घडवले. मेणाचा नमुना नाकाच्या जागी बसवायचा, तो कपाळावर सपाट पसरून तेवढी कातडी सोडवायची, भुवयांमधला देठ शाबूत ठेवून ती खाली वळवायची. त्या देठातून रक्त वाहते, म्हणून कातडी जगते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिकत छापली. रुग्णाचे नाव दिले. वैद्याची फक्त जात!

१८१४ मध्ये लंडनला कार्प्यूने ही पद्धत अवलंबिली. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेने तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढे त्याच्या जागी आलेला डीफेनबाख नाके घडवण्यातच नावाजलेला. त्यानेच १८३९ मध्ये सात वर्षांच्या तिरळ्या मुलाच्या डोळ्याचा आतला स्नायू कापून डोळा सरळ केला, तोही भूल देण्याची विद्या अवगत होण्यापूर्वी. नाकातून डोळ्याची शस्त्रक्रिया जन्मली, असा दावा मी करणार नाही. पण हात तेच होते.

कापलेला स्नायू मात्र खोबणीत मागे सरके आणि कित्येकांचा डोळा उलट बाजूस वळे. ग्रेफेचाच मुलगा आल्ब्रेख्त याने हा छेद मर्यादित व शिस्तबद्ध केला.

मुका मार लागून स्नायू तुटला, तर हीच अडचण उभी राहते: मागे गेलेले टोक हुडकून बुबुळामागे मूळ जागी शिवावे लागते. कधी स्नायू तुटत नाही, अडकतो. १९५७ मध्ये स्मिथ आणि रीगन यांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग या आयरिश खेळाचा चेंडू ठेवून हातोडा मारला. डोळा शाबूत राहिला, खोबणीचा तळ फुटला. मुलांचे हाड लवचीक. ते फटीसारखे उघडून पुन्हा मिटते आणि स्नायू चिमटीत सापडतो. रक्त तुटल्याने तो मरू लागतो, म्हणून शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. बाहेरून डोळा पांढराशुभ्र दिसतो. उलट्या होतात, नाडी मंदावते, आणि सारे डोक्याचा मार शोधत बसतात. अशा मुलाला आधी वर पाहायला सांगावे.