परस्परांच्या लेखनाचा गुणनिर्णय : दक्षिणा ते ग्रंथकारसभा

एकाच मंडळातील सभासदांनी परस्परांच्या लेखनाची प्रतवारी ठरवावी काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः त्यात न्यायाचा प्रश्न अंतर्भूत आहे. जो आज परीक्षक तोच उद्या परीक्ष्य होतो, म्हणून असा निर्णय निःपक्ष असेल, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, हे महाराष्ट्राच्या अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील विद्याव्यवहारावरून तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुण्यात पेशव्यांच्या आश्रयाने श्रावणमासात दक्षिणेचा समारंभ होत असे. पर्वतीच्या पायथ्याशी असलेला रमणा त्याच वाटपासाठी होता. विद्वानांपुरते बोलावयाचे तर शास्त्र्यांची परीक्षा शास्त्रीच घेत आणि त्यांच्या मताप्रमाणे दक्षिणेची रक्कम ठरे. म्हणजे विद्वत्तेचा निर्णय रुपयांच्या आकड्यात व्यक्त होई. या पद्धतीत एक गुण निःसंशय होता. न्याय किंवा व्याकरण जाणणाराच त्या शास्त्राची परीक्षा करी. परंतु परीक्षक आणि परीक्ष्य हे दोघेही एकाच वर्णाचे असत. वर्तुळाच्या आत समता असली, तरी वर्तुळात कोणी यावे हे परीक्षेपूर्वीच ठरलेले होते.

१८१८ मध्ये राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनने सरसकट वाटप बंद केले. विद्वानांची दक्षिणा मात्र चालू ठेवली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्चही याच निधीतून होई. पुढे १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृती सुशिक्षितांनी सरकारकडे अर्ज करून, या द्रव्याचा काही भाग उत्तम मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे लावावा, अशी मागणी केली. सनातनी मंडळींचा तीव्र रोष त्यांनी ओढवून घेतला. त्या प्रसंगी जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. संस्कृत पांडित्याच्या जागी मराठी ग्रंथरचनेला आश्रय मिळाला, आणि मराठी गद्याच्या वाढीस या कमिटीचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही.

तथापि कमिटीची खरी कसोटी १८५५ मध्ये लागली. त्या वर्षी फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक तिच्याकडे पाठविले. एका कुणबी दांपत्यास जोशी धर्माच्या नावाखाली कसा नाडतो आणि ते शेवटी विद्येकडे कसे वळते, हा त्याचा विषय. नाटक स्वीकारले गेले नाही. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. ही एका पक्षाची साक्ष आहे, हे ध्यानात घेतले तरी मुख्य गोष्ट बदलत नाही : ज्या पुरोहितवर्गावर नाटकात टीका होती, त्याच वर्णाचे लोक त्याचे परीक्षक होते. आणि ज्याच्या निधीसाठी झालेल्या झगड्यात फुल्यांनी साहाय्य केले, त्याच कमिटीने त्यांना दार बंद केले. ते नाटक छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडावे लागले. मधल्या १२४ वर्षांत मराठी नाटकाचा इतिहास त्याच्यावाचून लिहिला गेला. गुणनिर्णय चुकला म्हणजे केवळ एका लेखकाची निराशा होते असे नाही. वाचकांच्या कित्येक पिढ्या एका ग्रंथास मुकतात.

याच्या उलट प्रकारचे उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चे आहे. १८७४ ते १८८१ या काळात तिचे ८४ अंक निघाले. त्यांत चिपळूणकरांनी लोकहितवादी व फुले या दोघांवरही अत्यंत बोचरी टीका केली. फुल्यांच्या व्याकरणाची त्यांनी उडविलेली थट्टा आज कोणालाही न्याय्य वाटणार नाही. परंतु ती टीका विस्तृत होती आणि छापील होती. तिच्या कर्त्याविषयी कोणास संदेह नव्हता. म्हणूनच तिचा पक्षपात उघडा पडला व तिला उत्तर देता आले. कमिटीच्या नकाराला असे उत्तर देण्याची सोय नव्हती. कठोर परंतु सकारण टीका आणि कारणावाचून दिलेली प्रत, या दोहोंत दुसरी अधिक घातक, असा निष्कर्ष यातून निघतो.

१८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ मध्ये दुसरी सभा भरली, तेव्हा रानड्यांनी फुल्यांनाही निमंत्रण दिले. फुल्यांनी ते नाकारले. त्यांचे पत्र त्या वर्षीच्या जून महिन्यात ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. जे लोक इतरांचे मानवी हक्क व्यवहारात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा आशय होता. हा नुसता रागाचा उद्गार मानणे चुकीचे होईल. परस्परांचे परीक्षण करण्यापूर्वी परस्परांस समान मानावे लागते, हे तत्त्व त्यात सांगितले आहे.

या इतिहासाचा उपयोग आजच्या अभ्यासमंडळांना आहे. नांदुऱ्यासारख्या वऱ्हाडी गावातून आलेल्या विद्यार्थ्याने मंडळात निबंध वाचला आणि सभासदांनी त्याला केवळ गुणांचा आकडा दिला, तर तो आकडा निबंधाच्या विचाराचा, त्याच्या बोलीचा, की सभासदांशी असलेल्या त्याच्या अपरिचयाचा, हे त्याला कसे कळावे? परस्परांचे मूल्यमापन वर्ज्य करावे असे यावरून ठरत नाही. मूल्यमापन नसेल तर चांगल्या लेखनास आश्रय मिळत नाही, हे १८४९ च्या अर्जदारांनी ओळखले होते. परंतु निर्णयासोबत कारण द्यावे, निर्णय देणाऱ्याने आपले नाव द्यावे, लेखकास उत्तराचा अधिकार असावा, आणि ज्यांच्यावर लेखनात टीका आहे तेवढ्यांच्याच हाती निर्णय राहू नये, इतकी पथ्ये तरी पाळली पाहिजेत. ती पाळावयाची नसतील, तर गुण न देता निबंध तसाच वाचकांपुढे ठेवणे अधिक श्रेयस्कर होय.