अनगाराचा पत्ता

जैन परंपरेत साधूस ‘अनगार’ म्हणतात. अगार म्हणजे घर. ज्याने घराचा त्याग केला तो अनगार. तत्त्वार्थसूत्रात व्रतींचे अगारी आणि अनगार असे दोनच भेद सांगितले आहेत. आठ महिने पदविहार आणि पावसाळ्याचे चार महिने एका स्थानी वास, हा अनगाराचा जीवनक्रम होय. अशा व्यक्तीस पत्र पाठवावयाचे तर कोठे, हा प्रश्न श्रावकांपुढे शतकानुशतके होता.

त्याचे उत्तर विज्ञप्तिपत्रांत सापडते. श्वेतांबर संघ आचार्यांना चातुर्मासासाठी अशी सचित्र निमंत्रणे धाडीत असत. इ.स. १६१० मध्ये आग्र्याच्या संघाने गुजरातेत देवपाटण येथे असलेल्या विजयसेनसूरींना पाठविलेले, चित्रकार शालिवाहनाने रंगविलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुनी ज्या गावी विराजमान, तेथील संघ हाच त्यांचा पत्ता असे. नागपूरकरांनीही हे अनुभवले आहे. २०१७ मध्ये आचार्य विद्यासागर महाराजांचा वर्षायोग रामटेकला होता; राष्ट्रपती रामनाथ कोविंद त्यांच्या दर्शनासाठी तेथेच आले.

परंतु पोटासाठी फिरणाऱ्यांच्या पाठीशी असा संघ नव्हता. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर वाहून नेणारे बंजारे एकेकाळी मध्य भारताच्या व्यापाराचा आधार होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली आणि तो व्यवसाय ओसरत गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर नोंदणी, हजेरी आणि परवान्यावाचून हद्द न सोडण्याची सक्ती लादली. आरंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये सर्व ब्रिटिश हिंदुस्थानसाठी झाला. ज्यांना घर नव्हते त्यांना शासनाने पत्ता दिला, पण तो पहाऱ्यातला! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला.

बेडी तुटली, तरी अडचण संपली नाही. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या जातप्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा दिनांक प्रमाण मानला जातो. त्या काळी कुटुंबाचे वास्तव्य राज्यात होते, याचा पुरावा लागतो. ज्यांचे पाल दर पंधरवड्याला दुसऱ्या गावी पडे, त्यांनी तो कोठून आणावा? कागदाअभावी मुलांच्या सवलती अडतात.

वस्तुतः मतदानाचा कायदा याहून उदार आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० प्रमाणे केवळ घराची मालकी असल्याने कोणी तेथील ‘सामान्य रहिवासी’ ठरत नाही आणि तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास संपतही नाही. बेघर व्यक्तीने अर्जात दिलेल्या जागी ती खरोखर झोपते का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन पाहतो. तेवढ्यावर तिचे नाव यादीत येऊ शकते. आधार नोंदणीतही कागदपत्रे नसणाऱ्यासाठी परिचयदात्याची सोय करण्यात आली. मे २०२१ मध्ये ओळखपत्र नसलेल्यांच्या करोना लसीकरणाची कार्यपद्धती केंद्राने ठरविली, तेव्हा भटके लोक आणि विविध धर्मांचे साधुसंत एकाच वर्गात धरले गेले.

हा योग अर्थपूर्ण आहे. एकाने घर स्वेच्छेने सोडले, दुसऱ्यास ते कधी लाभलेच नाही. पहिल्याचा पत्ता संघ सांगतो. दुसऱ्याची साक्ष देण्यास गावातील एक जबाबदार माणूस पुढे आला, तर त्याचाही पत्ता सिद्ध होतो. घराच्या भिंतींइतकाच ओळखणाऱ्या माणसाचा शब्दही पत्ता ठरतो, हेच या चार शतकांच्या इतिहासाचे सार होय.