स्टँडवरची मिसळ घरी करताना

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून निघाली आणि नगरला आली. आपल्या जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला मात्र गाडीपेक्षा गाडी थांबते तिथल्या खाण्यात जास्त रस आहे. पुणे-नगर रस्ता साधारण १२० किलोमीटरचा. वाटेत शिक्रापूर, शिरूर, सुपा, केडगाव. पुढे तालुक्याच्या गावांना स्टँड झाले आणि स्टँडच्या आत-बाहेर हॉटेलं आली. हॉटेल म्हणजे आपल्याकडे खोल्या नव्हेत; चहा, भजी, शेव आणि मिसळ. कोर्टाची तारीख, दवाखाना, बाजार, कॉलेजचं अॅडमिशन, कशासाठीही तालुक्याला गेलं की ही मिसळ ठरलेली. घरी परतलेला माणूस कामाचं काय झालं ते एका वाक्यात सांगायचा आणि तर्रीचं वर्णन पाच वाक्यांत.

मग घरी तशी का होत नाही? माझी पीएचडी मिरचीतल्या रंगद्रव्यांवर चालू आहे, त्यामुळे हा प्रश्न नातेवाईक मला हक्काने विचारतात. ‘त्यांचा मसाला वेगळा असतो’ हे उत्तर सगळ्यांना आवडतं. मला ते फारसं पटत नाही. मसाल्यापेक्षा तेल आणि वेळ यांचं काम मोठं आहे.

मिरचीचा लाल रंग मुख्यतः कॅप्सँथिन नावाच्या द्रव्याचा. त्याचा रेणू ४० कार्बनचा, लांबलचक. पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तिखटपणा देणारं कॅप्सेसिनही पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात मात्र सहज उतरतं. म्हणजे तर्री हा मिरचीचा तेलात काढलेला अर्कच. आम्ही लॅबमध्ये हेच काम महागड्या द्रावकांनी करतो, हॉटेलवाला शेंगदाणा तेलात करतो. घरी आपण दोन चमचे तेल टाकतो, त्यात रंग उतरायला जागाच नसते.

आणि हे तेल मोजून टाकायची सवय आपोआप लागलेली नाही. आमच्या भागात १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची, त्या काळातल्या घरांमध्ये तेलाची बरणी जपून ठेवायची गोष्ट होती. अशा घरातल्या माणसासमोर तेल तरंगणारी वाटी आली तर ती चाळीस वर्षं लक्षात राहणारच.

दुसरी गोष्ट वेळेची. हॉटेलात रस्सा सकाळी चढतो आणि मंद आचेवर तासन् तास असतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे सावकाश वर येतं. आपण कांदा-खोबऱ्याचं वाटण मिक्सरमध्ये गंधासारखं बारीक करतो आणि पळीने सतत ढवळतो. त्याने तेलाचे बारीक थेंब होऊन रश्शातच अडकतात, तर्री वर येत नाही. चव वाईट नसते, पण ती आमटी होते.

तेव्हा घरी असं करा. एक वाटी मटकी आठ तास भिजवून रात्रभर फडक्यात बांधा. मोड आले की कुकरला लावू नका, उघड्या पातेल्यात मीठ-हळद घालून दाणा अख्खा राहील इतपत शिजवा. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजा आणि जरा भरड वाटा. पातेल्यात पाव वाटी तेल (हो, पाव वाटी), मोहरी, जिरं, लसूण. आता गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग दोन चमचे बेडगी आणि एक चमचा तिखट मिरचीची पूड टाका. कडकडीत तेलात ती क्षणात करपते, रंग तपकिरी होतो आणि तो परत येत नाही. लगेच वाटण, काळा मसाला, मीठ आणि उकळतं पाणी. नंतर पाऊण तास मंद आच, आणि पळीला हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड, विशेषतः आई शेजारी उभी असेल तर. वाढताना खाली मटकी, वर शेव-फरसाण, कांदा, आणि सँपल वेगळ्या वाटीत. पाव नसेल तर स्लाइस चालेल, पुण्यातल्या काही जुन्या ठिकाणी मिसळीबरोबर स्लाइसच देतात.

या रेसिपीतली मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, पाव त्यांच्याच ‘पाँव’वरून गोव्यातून आला. पदार्थ इतके लांबून येऊन एका ताटलीत बसले. माणसांना एका बाकावर बसायला जास्त वेळ लागला.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक आणि रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आलं, प्रायश्चित्ताची भाषा झाली. ती वरच्या जातींची आपसातली भांडणं. ज्यांना हॉटेलच्या आतच घेत नव्हते त्यांच्यासाठी राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. पुढे अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. तो लागू झाला १ जून १९५५ ला, पहिल्या एसटीला बरोबर सात वर्षं झाली त्या दिवशी. हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. एसटीत तिकीट काढलं की शेजारी कोण बसेल ते कंडक्टर जातीवरून ठरवत नव्हता. खाली उतरून चहा मागितला की हिशेब बदलायचा.

माझ्या आजोबांची स्टँडजवळच्या हॉटेलची आठवण तिखटाची आहे: घाम, नाक पुसणं, दुसरं सँपल. लॅबमधला माझा मित्र शेजारच्याच तालुक्यातला. त्याच्या आजोबांना मी मोठ्या उत्साहाने हेच विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “मिसळ नंतर नंतर खाल्ली. आधी चहाच घ्यायचो, बाहेर उभं राहून. कप वळचणीला असायचा, आपला आपण धुवायचा.” मग त्यांनी माझ्या मिसळीत तर्री कमी आहे म्हणून सांगितलं, आणि ते खरं होतं, मी तेव्हा पाव वाटी तेल टाकायला धजले नव्हते.

१९५५ च्या त्या कायद्याचं चौथं कलम नुसतं ‘हॉटेलात प्रवेश’ एवढ्यावर थांबत नाही. हॉटेलात सगळ्यांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्क त्यात वेगळा लिहिलेला आहे.