जलहानीचे दावे व गृहविम्याचा हप्ता

जलहानीचे दावे व गृहविम्याचा हप्ता : नळ, टाकी, मोरी, छप्पर किंवा घरगुती यंत्र यांतून अनिर्बंध बाहेर पडलेल्या पाण्याने इमारतीची वा आतील चीजवस्तूंची जी नासधूस होते, तिला विमाव्यवहारात जलहानी म्हणतात, आणि अशा हानीची भरपाई मागितल्याने पुढील मुदतीचा हप्ता, विमापत्राच्या शर्ती व प्रसंगी विमा मिळण्याची शक्यता यांवर जो परिणाम घडतो, तो प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. हा परिणाम तीन वाटांनी घडतो : विमेदाराच्या वैयक्तिक दाव्यांच्या इतिहासातून, त्याच्या घरासारख्या घरांच्या एकत्रित अनुभवातून आणि करारातील संरक्षणाच्या संकोचातून. पैकी पहिल्या वाटेची चर्चा सर्वाधिक होते. परंतु हप्त्याच्या दीर्घकालीन चढउतारावर दुसरीचा आणि कुटुंबाच्या पदरी अखेर पडणाऱ्या खर्चावर तिसरीचा प्रभाव अधिक असतो.

हानीचे प्रकार : विमापत्राच्या भाषेत सर्व पाणी सारखे नसते. भिंतीतील नळ अकस्मात फुटणे, कपडे धुण्याच्या यंत्राची नळी निसटणे किंवा कडाक्याच्या थंडीत नळातील पाणी गोठून नळ तडकणे हे आकस्मिक अपघात समजले जातात व त्यांची भरपाई बहुधा मिळते. याउलट महिनोन् महिने झिरपणारा पाझर, गच्चीच्या भेगांतून मुरणारी ओल किंवा जुन्या जोडांची गळती ही देखभालीतील हयगय मानली जाते व अनेक विमापत्रांतून ती स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. नदीनाल्याचा पूर हा तिसरा प्रकार होय. अमेरिकेतील साधारण गृहविम्यात पुराचा समावेश नसतो, म्हणून १९६८ च्या कायद्यान्वये तेथे पूरविम्याची स्वतंत्र राष्ट्रीय योजना उभारण्यात आली. भारतीय विमापत्रात मात्र पूर व जलमयता ही संकटे मूळ संरक्षणातच अंतर्भूत आहेत. ज्या नळाने नुकसान केले, तो बदलण्याचा खर्च अमेरिकी विमापत्र सामान्यतः देत नाही, पण त्या नळापर्यंत पोहोचण्यासाठी भिंत फोडावी लागली तर तिच्या दुरुस्तीचा खर्च देते. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे सर्वेक्षक व घरमालक यांच्यात वारंवार खटके उडतात.

हप्त्याचे गणित : शंभर घरांमागे दरसाल किती दावे येतात आणि प्रत्येक दाव्यापोटी सरासरी किती रक्कम द्यावी लागते, या दोन अंकांच्या गुणाकारातून जोखमीची मूळ किंमत निघते, तीत प्रशासनखर्च, पुनर्विम्याचे (विमा कंपनीने आपल्या जोखमीसाठी स्वतः उतरविलेल्या विम्याचे) मूल्य व नफा मिळविला की हप्ता सिद्ध होतो. उदाहरणार्थ, शंभरांतील दीड घरांकडून दावा येत असेल व सरासरी भरपाई १२,००० डॉलर असेल, तर प्रत्येक घराच्या हप्त्यात केवळ जलहानीपोटी १८० डॉलर धरावे लागतात. वस्तीतील नळ जुने होऊन दाव्यांचे प्रमाण दुप्पट झाले, तर ज्याच्या घरी पाण्याचा थेंबही सांडलेला नाही अशा शेजाऱ्याच्या हप्त्यातही तेवढीच भर पडते. यामुळेच विमा कंपन्या घराचे वय, छपराची अवस्था व नळांचा धातू वा प्लास्टिक यांची बारकाईने विचारपूस करतात. १९७८ ते १९९५ या काळात अमेरिकी घरांत सर्रास बसविलेले पॉलिब्युटिलीनचे नळ फुटू लागल्यावर तसे नळ असलेल्या घरांचा विमा उतरविण्यास अनेक कंपन्या कचरू लागल्या, हे याचे ठळक उदाहरण होय.

वैयक्तिक इतिहास : पूर्वी दावा केलेल्या घराकडून पुन्हा दावा येण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक, असा विमागणितज्ञांचा अनुभव असल्यामुळे दाव्यानंतरची वाढ ही दंड म्हणून नव्हे, तर भाकीत म्हणून आकारली जाते, अर्थात ज्याला ती भरावी लागते त्याला हा भेद सहसा पटत नाही. अमेरिकेत दाव्यांच्या माहितीची देवाणघेवाण करणारे ‘क्लू’ नावाचे एक सामाईक दफ्तर असून, लेक्सिसनेक्सिस या कंपनीकडे असलेल्या त्या दफ्तरात सात वर्षांपर्यंतचे दावे दिनांक, कारण व दिलेली रक्कम यांसह नमूद असतात. ही नोंद व्यक्तीप्रमाणे घरालाही चिकटलेली असते; त्यामुळे पूर्वीच्या मालकाने केलेल्या दाव्यांची झळ नव्या खरेदीदारास लागू शकते आणि जाणते खरेदीदार सौद्यापूर्वी विक्रेत्याकडून त्या दफ्तराचा उतारा मागून घेतात. दावा नोंदवून पुढे भरपाई शून्य ठरली, तरी त्याचा उल्लेख मागे राहू शकतो. १९७० च्या पतमाहितीविषयक कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीमुळे नागरिकास आपला उतारा वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो व त्यातील चुकीस हरकत घेता येते. ब्रिटनमध्ये ‘क्यू’ या नावाचे असेच दफ्तर १९९४ पासून चालू आहे.

लहान दाव्यांचा प्रश्न याच इतिहासाशी निगडित आहे. नुकसान १,८०० डॉलरचे व विमेदाराने स्वतः सोसावयाची वजावट १,००० डॉलरची असेल, तर हाती ८०० डॉलर येतात. पण दावामुक्त राहिल्याबद्दलची सवलत जाऊन हप्ता दरसाल २०० डॉलरांनी वाढला व ती वाढ पाच वर्षे टिकली, तर ८०० डॉलरच्या प्राप्तीसाठी १,००० डॉलर मोजावे लागतात. प्रस्तुत आकडे केवळ स्पष्टीकरणार्थ कल्पिले आहेत. तथापि वजावटीच्या थोड्याच वर असलेले नुकसान स्वतः सोसावे आणि विमा मोठ्या आघातासाठी राखावा, हा व्यावहारिक संकेत अशाच हिशोबातून रूढ झाला आहे. मात्र भिंतीमागील हानी वरून दिसते तेवढीच असेल अशी खात्री नसताना कळविण्यास विलंब केला, तर पुढे विलंब हेच दावा नाकारण्याचे कारण होऊ शकते.

समूहाचा अनुभव : टेक्सस व फ्लॉरिडा : एकूण दाव्यांच्या भाराने सबंध प्रांताची विमाव्यवस्था कशी हलते, याचा पाठ टेक्सस राज्याने दिला. तेथील प्रचलित विमापत्र नळगळतीस इतर राज्यांपेक्षा उदार संरक्षण देत असे. जून २००१ मध्ये ड्रिपिंग स्प्रिंग्ज येथील एका कुटुंबास, नळगळतीनंतर घरभर पसरलेल्या बुरशीच्या वादात ज्यूरीने सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर देवविले. अपील न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ती रक्कम सुमारे ४० लाखांवर आणली, पण तोवर बुरशीच्या दाव्यांचा लोंढा सुरू झाला होता. कंपन्यांनी हप्ते वाढविले, नवी विमापत्रे देणे आखडते घेतले आणि बुरशी व संथ पाझर यांना करारातून वगळले. दुसऱ्या बाजूने विधिमंडळानेही विमेदारास काही आधार दिला : घरगुती यंत्रातील गळतीचे नुकसान रीतसर दुरुस्त होऊन तपासले गेले असेल, तर केवळ त्या जुन्या दाव्यावरून विमा नाकारण्यास निर्बंध आला, आणि तीन वर्षांत तीन वा अधिक दावे झाल्यास नूतनीकरण नाकारता येत असले, तरी नैसर्गिक कारणांनी उद्भवलेले दावे त्या संख्येत धरावयाचे नाहीत व दुसऱ्या दाव्यानंतर विमेदारास आगाऊ इशारा द्यावयाचा, अशी शर्त घातली गेली.

फ्लॉरिडामध्ये पाण्यापेक्षा खटल्यांनी हप्ता अधिक वाढविला. दुरुस्तीचा ठेकेदार घरमालकाकडून दाव्याचे हक्क स्वतःच्या नावे लिहून घेई आणि विमा कंपनीस परस्पर न्यायालयात खेची. खटला जिंकल्यास वकिलाचे शुल्कही कंपनीवर पडे. चक्रीवादळाशी संबंध नसलेले जलहानीचे दावे, विशेषतः मायामी परिसरातील, हे दरवाढीचे प्रमुख कारण असल्याचे ‘सिटिझन्स’ या राज्यस्थापित विमासंस्थेस वारंवार सांगावे लागले. अखेर डिसेंबर २०२२ च्या कायद्याने १ जानेवारी २०२३ पासूनच्या विमापत्रांवर हक्कांचे असे हस्तांतरण रद्दबातल ठरविले.

ब्रिटन : तेथे घरातील पाण्याच्या गळतीस ‘पाण्याचे निसटणे’ अशा अर्थाची स्वतंत्र संज्ञा असून तिच्यावरील सक्तीची वजावट इतर संकटांपेक्षा पुष्कळदा अधिक ठेवलेली आढळते. पूरप्रवण घरांचे हप्ते परवडण्याजोगे राहावेत म्हणून, २०१४ च्या जल अधिनियमाच्या आधारे, एप्रिल २०१६ मध्ये ‘फ्लड री’ ही पुनर्विमा योजना अमलात आली. तिच्यासाठी आरंभी विमा कंपन्यांकडून दरसाल १८ कोटी पौंडांची पट्टी गोळा होई; म्हणजे डोंगरमाथ्यावरील घरमालकही नदीकाठच्या शेजाऱ्याचा भार काही अंशी उचलतो. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरे मुद्दाम वगळली आहेत, जेणेकरून पूरक्षेत्रात नवी वस्ती उभारण्यास प्रोत्साहन मिळू नये. योजनेची मुदत २०३९ पर्यंत आहे.

भारत : भारतात गृहविमा ज्यात मोडे त्या आगविम्याचे दर दीर्घकाळ दर सल्लागार समितीच्या कोष्टकांनी बांधलेले होते, १ जानेवारी २००७ पासून ते खुले झाले आणि जोखमीनुसार दर आकारण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. तत्पूर्वी २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा शहरी जलहानीचे स्वरूप प्रथमच एवढ्या विस्ताराने नजरेस आले. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र सर्व कंपन्यांना देणे भाग पाडले. त्यात पूर, वादळ व जलमयता यांबरोबर पाण्याच्या टाक्या, नळ व उपकरणे फुटणे वा ओसंडणे हेही संकट समाविष्ट आहे. मात्र भिंतीत वर्षानुवर्षे मुरणारी ओल फुटणे वा ओसंडणे या सदरात बसत नाही, आणि पावसाळ्यातील बहुसंख्य तक्रारी नेमक्या याच ओलीच्या असतात.

या विमापत्राची मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येत असल्याने, मध्यंतरी दावा झाला तरी उरलेल्या वर्षांचा दर बदलत नाही. तथापि दावा अगदीच विनामूल्य नसतो : भरपाई दिल्यानंतर विमारक्कम पूर्ववत होते व त्यापोटी उरलेल्या मुदतीचा प्रमाणशीर हप्ता विमेदाराकडून घेतला जातो किंवा भरपाईतूनच कापला जातो. समूहाच्या अनुभवाचा परिणाम पुनर्विम्यामार्फत पोहोचतो. भारतीय कंपन्यांचे पुनर्विम्याचे करार बहुधा १ एप्रिल रोजी नूतन होतात आणि एखाद्या मोठ्या पुराच्या वर्षानंतर ते महाग पडले, तर पुढील विमापत्रांच्या दरांत त्याचे प्रतिबिंब उमटते. देशात गृहविमा घेणारी कुटुंबे अद्याप थोडी असल्याने हा भार वाटून घेणारे खांदेही थोडेच आहेत.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची व सामाईक नळांची गळती संस्थेने, तर संडास, मोरी इत्यादींची अंतर्गत गळती संबंधित सदनिकाधारकाने स्वखर्चाने दुरुस्त करावयाची असते. यास्तव वरच्या मजल्यावरील पाण्याने खालच्या घराचे छत नासले, तर दावा कोणत्या विमापत्राखाली करावयाचा व तो कोणाच्या इतिहासात नोंदला जाणार, हे ठरविण्यापूर्वी पाण्याचा उगम सिद्ध करावा लागतो. सर्वेक्षकाचा अहवाल, नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराची पावती व दिनांकित छायाचित्रे ही त्या सिद्धीची साधने होत. भरपाईबाबत कंपनीशी मतभेद झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.