सन्स ऑफ द पी

अमेरिकेतील ओकलंड (कॅलिफोर्निया) येथील ‘डिजिटल अंडरग्राउंड’ या हिपहॉप समूहाचा दुसरा अल्बम. टॉमी बॉय रेकॉर्ड्सने ऑक्टोबर १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. शीर्षकातला ‘पी’ म्हणजे पी-फंक : पार्लमेंट आणि फंकाडेलिक या दोन वाद्यवृंदांतून जॉर्ज क्लिंटन यांनी १९७० च्या दशकात घडवलेले संगीत. आम्ही त्याच घराण्याची मुले, हे या तरुणांनी नावातच जाहीर केले.

फंकचा पाया गायक जेम्स ब्राउन यांनी १९६० च्या दशकात घातला. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर सगळी वाद्ये एकदम येतात आणि मग बेस, ड्रम, गिटार, ब्रास आपापल्या वाटेने खेळत पुन्हा तिथेच परततात. या पहिल्या मात्रेला वादक ‘द वन’ म्हणतात. आपल्या तालातील समेची आठवण होते. ब्राउन यांच्याकडे वाजवलेला बेसवादक बूट्सी कॉलिन्स पुढे क्लिंटन यांच्याकडे आला आणि हा वारसा पुढे चालला. लातूर-मुरुडकडच्या मिरवणुकीत हलगीवर ज्यांचे पाय आपसूक पडले आहेत, त्यांना फंक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

समूहाचा प्रमुख शॉक जी (ग्रेगरी जेकब्स) हा गायक, निर्माता आणि उत्तम पियानोवादक. पहिल्या ‘सेक्स पॅकेट्स’ (१९९०) या अल्बममधील ‘द हम्प्टी डान्स’ने समूहाला नाव मिळवून दिले. नकली नाक लावून गाणारा हम्प्टी हम्प म्हणजे शॉक जीच, हे अनेकांना पुष्कळ दिवस कळले नव्हते. त्या गाण्यातही पार्लमेंटचा ठेका होता, पण तो जुन्या तबकडीतून उचललेला. ‘सन्स ऑफ द पी’मध्ये शीर्षकगीतासाठी खुद्द क्लिंटनच आले. ज्यांच्या तबकड्यांवर एक पिढी पोसली, त्यांना सन्मानाने बोलावून शेजारी उभे करणे, ही या अल्बमची खरी थोरवी.

‘किस यू बॅक’ हे यातले सर्वांत गाजलेले गाणे. त्याचा आधार फंकाडेलिकचे १९७९ चे ‘नॉट जस्ट नी डीप’. हाच तुकडा डे ला सोल या समूहाने १९८९ मध्ये ‘मी मायसेल्फ अँड आय’साठी वापरला होता. आशयाच्या दृष्टीने मात्र ‘नो नोज जॉब’ अधिक मोलाचे आहे. सौंदर्यासाठी नाकावर शस्त्रक्रिया करून घेण्याच्या सल्ल्याला हम्प्टी त्यात ठाम नकार देतो आणि कृष्णवर्णीयांच्या चेहऱ्याचा अभिमान नाचत-गात मांडतो.

अल्बमला अमेरिकेत गोल्ड मानांकन मिळाले. तो प्रसिद्ध झाल्यावर दोनच महिन्यांनी, डिसेंबर १९९१ मध्ये, न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्की यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि परवानगीशिवाय जुन्या मुद्रणाचे तुकडे वापरणे जोखमीचे झाले. समूहासोबत नर्तक म्हणून वावरलेला तुपाक शकूर याचा पहिला अल्बम नोव्हेंबर १९९१ मध्ये आला. पुढच्याच वर्षी रॅपर-निर्माते डॉ. ड्रे यांच्या ‘द क्रॉनिक’ने क्लिंटन यांचे संगीत संथ लयीत आणून जी-फंक ही शैली घराघरात नेली.