परतीची वाट

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात खालचीवाडी, वरचीवाडी ही नावे अनेक गावांत आढळतात. गावात तेवढा पत्ता पुरतो. गावाबाहेर घोटाळा होतो. संगणकांच्या खाजगी जाळ्यांचे असेच झाले.

१९८१ साली ठरलेल्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. ते पुरणार नाहीत हे पुढे ध्यानी आले. १९९६ च्या नियमाने १९२.१६८ ने सुरू होणारे व इतर काही पत्ते खाजगी वापरास राखले. ते कोणीही आपल्या कचेरीत वापरावेत. सार्वजनिक इंटरनेटवर मात्र ते चालत नाहीत.

मग रत्नागिरीची कचेरी चिपळूणच्या कचेरीशी जोडावयाची वेळ येते. दोन्हीकडे तेच आकडे असले, तर राउटरला परगावचा पत्ता घरचाच वाटतो. एकीकडचे आकडे बदलावे लागतात. आकडे निराळे असूनही उत्तर येत नसेल, तर सारे जण धाडणाऱ्याकडे दोष शोधतात. पुष्कळदा निरोप पोहोचलेला असतो. पलीकडच्या राउटरला परतीची वाट कोणी सांगितलेली नसते. खिडकीपाशी ताटकळलेल्या माणसाला मात्र ‘लिंक नाही’ एवढेच ऐकू येते.

श्रोतेहो, जाण्याची वाट एकाने आखली तरी येण्याची दुसऱ्यानेच आखावी लागते. म्हणून तपास दोन्ही टोकांस करावा.