न कुजणाऱ्या बोटीची कुजलेली जमीन

आमच्या वडनेरला फायबरग्लास समुद्रावरून आला नाही, कूलरमधून आला. पत्र्याच्या कूलरची टाकी दोन-चार उन्हाळ्यांत गंजते. मग मिस्त्री काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिनचा डबा घेऊन येतो, आतून लेप देतो आणि घरभर उग्र वास सोडून जातो. आमच्याही टाकीला असा लेप दिला होता. ऐन मे महिन्यात तो सालासारखा सुटून हातात आला. खाली गंज तसाच होता, ओलासुद्धा. मिस्त्रीनं तो घासला नव्हता आणि टाकी नीट वाळूही दिली नव्हती.

बोटीच्या आतला डेक, म्हणजे आत चालायची जमीन, ही अशीच जाते. वरून चकचकीत, आतून ओली.

लाकडी बोटीत असा लपंडाव नव्हता. फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकून बसवायची, वरून तेल-राळ लावायची, आणि हे दर काही काळानं पुन्हा करायचं. (हिंगणघाटच्या कापसाला १९व्या शतकात इंग्लंडच्या बाजारात स्वतःचं नाव होतं. त्यातली एखादी वात कुठल्या गलबताच्या फटीत गेली असेल का, हा विचार आमच्या तालुक्यातल्या माणसाला सुचणारच.) लाकूड कुजणार हे सगळ्यांनी धरलेलंच असायचं, त्यामुळे त्याच्यावर नजरही असायची.

फायबरग्लासनं ही नजरच काढून घेतली. १९३०च्या दशकात अमेरिकेत काचेचे बारीक धागे मोठ्या प्रमाणावर काढायची रीत सापडली आणि १९३८मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास पॉलिएस्टर रेझिन आलं. दुसऱ्या महायुद्धात हा माल विमानांच्या कामाला लागला आणि युद्धानंतर बोटींकडे वळला. फट नाही, कापूस नाही, बोट साच्यातून अख्खी निघते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी तटरक्षक दलानं ४० फुटी गस्ती बोटी अशा बांधल्या. दहा वर्षांनी आणि पुन्हा वीस वर्षांनी त्यांच्या अंगाचे तुकडे कापून तपासले, तेव्हा ताकद फारशी घटलेली नव्हती. म्हणजे 'हे कुजत नाही' ही जाहिरात खोटी नव्हती. अर्धी होती.

कारण काचेचा पातळ पत्रा पायाखाली लवतो. त्याला ताठपणा यावा म्हणून डेकमध्ये दोन काचेच्या थरांच्या मधे प्लायवूड किंवा बाल्साचं लाकूड घालतात. मग त्या डेकवर खुर्ची, कप्पा, दोर बांधायची खुंटी असं काही ना काही स्क्रूनं बसतं. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. पाणी तिथून आत शिरतं आणि काच त्याला बाहेर येऊ देत नाही.

मात्र आत लाकूड आहे हाच दोष मानणंही चूक. गोव्यातल्या दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात नौदलासाठी ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली, ती सीडरच्या पट्ट्या इपॉक्सीनं जोडून, दोन्ही बाजूंनी काच चढवून. २००९मध्ये ती नौदलात आली. त्याच ऑगस्टमध्ये दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. लाकूड आतच होतं, पण इपॉक्सीनं पुरतं बंद केलेलं.

दुरुस्तीची सुरुवात कानानं होते. नाण्यानं किंवा छोट्या हातोडीनं डेक ठोकत जायचा. कोरडा भाग टणटणीत वाजतो, सडलेला बद्द. बद्द आवाजाची हद्द खडूनं आखायची आणि ग्राइंडर उथळ धरून फक्त वरची काच कापायची. खाली बहुधा काळा, ओला भुगा निघतो. तो पार कोरड्या लाकडापर्यंत काढायचा. मग वाळू देणं, आणि घाई होते ती इथेच. (आमच्या मिस्त्रीनं हीच पायरी गाळली.) त्यानंतर मरीन प्लाय इपॉक्सीत बसवायचा. भोवतीच्या जुन्या काचेची कड जाडीच्या बारापट रुंद उतार होईल इतकी घासायची, कारण नवी काच जुन्याशी एकरूप होत नाही, फक्त चिकटते, आणि चिकटायला तिला जागा लागते. मग चटईचे थर, एकेका थरातले बुडबुडे रोलरनं काढत. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते, तेव्हा चांगला मास्क हवाच. रुमाल नव्हे.

एवढा खटाटोप का? लाकडी होडी संपली तर तिचं सरपण होत होतं. फायबरची बोट टाकून दिली की किनाऱ्यावर वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. डेक सडला म्हणून अख्खी बोट मोडीत काढली जाते, तेव्हा तिचं बाकीचं अंग बहुतेक वेळा धडधाकट असतं.

शेवटी रंग, त्यात पाय घसरू नये म्हणून बारीक वाळू. खुर्ची पुन्हा बसवताना भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं आणि ते घट्ट झालं की त्याच्या मधोमध नवं, बारीक भोक. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही.